माळ्यावरचा सॅक्सोफोन

बाजेवाले भाऊजी वाजवता वाजवता मधेच थांबायचे. सूर चांगला रंगात आलेला असायचा, ऐकणाऱ्याचा जीव त्यात गुंतलेला असायचा, आणि हा माणूस तोंडातला सॅक्सोफोन बाजूला करून, मान तिरपी करून गप्प बसायचा. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मुंबईला शिकलेलं हे निम्मं विसरून आलेत, असं आमच्या इंझोरी गावात सगळ्यांचं मत होतं.

मुंबईच्या हॉटेलांत गोऱ्या साहेबांच्या नाचाला ते जाझ वाजवत. छातीनं दगा दिला तेव्हा गावी परतले. ना बायको ना पोर, सोबत फक्त तो वाकडा पितळी बाजा. भावानं त्यांना ज्वारीच्या राखणीला वावरातल्या उंच माळ्यावर बसवलं. "बाज्यानं पाखरं बरी पयतात," असं तो अभिमानानं सांगे. कौतुकाची त्याची मजल तेवढीच!

एका लग्नात त्यांना हौसेनं बोलावलं होतं. ते थांबले की वरातीला वाटे, संपलं. लगेच डफडी सुरू. भाऊजी आपले बाजा हातात धरून उभे. शेवटी व्याह्यानं धीर दिला, "राहू द्या, आठोलं का मंग वाजवा." जेवायला मात्र त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं.

आम्ही बायका शेजारच्या वावरात कापूस वेचायचो. मी नवी नवरी, माहेर लांब, मनातलं बोलायला कोणी नाही. तो बाजा ऐकला की वाटे, माझंच कोणीतरी मोठ्यानं बोलतंय. मग कळलं, हे वेड मला एकटीलाच नव्हतं. त्यांच्या धुऱ्यालगतची, बांधाकडची ओळ मिळावी म्हणून सगळ्याजणी रोज सकाळी भांडायच्या.

आणि एकदा बाजा बंद झाला. कितीतरी दिवस माळ्यावरून पाखरं हाकलण्याची नुसती आरोळी यायची. मला परक्या पुरुषाशी बोलायची सोय नव्हती. माझी थोरली जाऊ मात्र कोणाच्या बापाला भ्यायची नाही. पदर खोचून ती धुऱ्यावर गेली.

"भाऊजी, बाजा काहून बंद केला?"

"कोनासाठी वाजवू, वयनी? तिकडं मुंबईले मी सुरात सवाल टाकला का दुसरा बाजेवाला त्याले जबाब दे. अथी मी थांबतो, वाट पायतो. कोनीच नाही."

"नाही कसं? आमी काय कापसासाठी या धुऱ्यावर मरून राह्यलो? मले बाजा येत नाही, पन जात्यावरची गानी येतात. वाजवा तुमी."

त्यांनी वाजवलं. थांबले. जाऊबाईंनी जात्यावरची एक ओळ खड्या आवाजात म्हटली. भाऊजींनी ती उचलली, जराशी मुरडली आणि परत आमच्याकडे टाकली. मग आम्ही सगळ्याच गायला लागलो. सुरात होतो की नाही, देव जाणे. भाऊजी मात्र हसत होते आणि डोळे पुसत होते. त्या दिवशी ओटीत कापूस कमी भरला, म्हणून घरी बोलणी खाल्ली.

वेचणी संपेपर्यंत हे रोज चाललं. उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं भाऊजी गेले. पुरुष मसणात जाऊन आले. आम्हाला कोण पाठवणार? त्यांच्या घरी रडायला बसावं, तर आम्ही ना भावकीतल्या, ना सोयऱ्यातल्या. मी चुलीपुढे भाकरी थापत रडत होते. सासूबाई आत आल्या आणि बघतच राहिल्या.

"थो तुहा कोन लागे व?"

"कोनी नाही," मी म्हणाले, आणि तसं म्हटल्यावर मला जास्तच रडू आलं.