नर्मदेचा नळ

वाईचं घर बंद केलं त्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुलपाच्याही आधी पाण्याकडे लक्ष दिलं. गच्चीवरच्या टाकीची चावी बंद केली, मग खालचे नळ उघडून उरलंसुरलं पाणी जास्वंदीला जाऊ दिलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात अण्णा एकदा न्हाणीघरात पडले आणि शेजारी येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून त्यांना माझ्याकडे भोपाळला न्यायच्या हट्टाला मी पेटले होते. गाडीत बसण्याआधी ते घाटावर जाऊन कृष्णाबाईचा निरोप घेऊन आले. मला एवढंच म्हणाले, "चल. बघू किती दिवस निभतंय."

वाईत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखं लग्न करून किंवा बदली होऊन कुठे कुठे पांगलेल्यांना हे लिहिते आहे, कारण दर फोनवर तुम्ही विचारता, अण्णा रमले का? त्याचं उत्तर मला बरेच महिने देता येत नव्हतं.

भोपाळला मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा अशोका गार्डनमधल्या आमच्या घरात एकच पाणी होतं, बोरचं. दिसायला स्वच्छ, पण भलतंच जड. साबण घासून हात दुखायचे, फेस यायचं नाव नाही. बादल्यांना आणि नळांना पांढरी खपली धरायची, केस राठ झाले. आणि तूरडाळ! शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. मी फोनवर रडायला लागले की आई म्हणायची, "चिमूटभर सोडा घाल डाळीत, आणि डोळे पूस." वाईत आमच्या डाळीला कधी सोडा लागला नव्हता. त्यामुळे तो डबा उघडताना दर वेळी माहेर तुटल्यासारखं व्हायचं.

आता वाईला आले की उलटंच होतं. तुमच्या पाण्यात साबण अंगावरून निघता निघत नाही, मी आपली तांब्यावर तांबे ओतत बसते. तुम्ही दारावर थापा मारता. पाणी तेच आहे, मीच भोपाळची झाले.

मधल्या काळात आमच्याकडे नर्मदेची लाइन आली. गच्चीवर दोन टाक्या झाल्या, स्वयंपाकघरात दोन नळ. नर्मदा प्यायला आणि स्वयंपाकाला. बोर धुण्याभांड्याला, अंघोळीला, फरशीला, संडासाला. सकाळी पाणी सुटलं की शेजारच्या मिश्रा भाभी भिंतीवरून ओरडतात, "नर्मदा आ गई! मोटर चला लो!" मला त्यात काही वाटेनासं झालंय. अण्णांनी पहिल्या सकाळी ती हाक ऐकली आणि ते हात जोडून उभे राहिले. मला हसू आवरेना. सुधीर, माझा नवरा, म्हणाला, "नवे आहेत अजून. होतील जुने."

मी शिकवते ती शाळा सकाळची, म्हणून वरणभाताचा कुकर लावायचं काम अण्णांनी आपणहून अंगावर घेतलं. आणि वरण बिघडायला लागलं. वर पिवळं पाणी, खाली कच्ची डाळ. मी डाळ बदलली, दुकान बदललं, कुकरची रिंग बदलली. सुधीर मुकाट्याने जेवायचा, पण अण्णा मनाला लावून घेत. एक दिवस ताट सरकवून म्हणाले, "सुमे, इथे माझं काही जमत नाही. गणपतीच्या आधी मला वाईला पोचव." बंद दार, ओली न्हाणी आणि आत एकटे अण्णा, याशिवाय मला दुसरं काही दिसेना.

पुढच्या रविवारी मी घरी होते. बघते तो अण्णा डाळीत बोरचं पाणी ओततायत. चहाला तेच, प्यायच्या तांब्यात तेच. नर्मदेचं पाणी फक्त देव्हाऱ्यात, झाकून ठेवलेलं. मी कपाळाला हात लावला.

"अहो अण्णा, या पाण्यात डाळ जन्मात शिजायची नाही!"

"नसेल. पण नर्मदामैया आहे ती. लोक अनवाणी परिक्रमा करतात तिची. तिला काय कुकरात कोंडायची? तिने खरकटे हात धुवायचे?"

"आणि वाईत नळाला कोण येत होतं? कृष्णाबाईच ना? तिच्या पाण्याने सायकल धुवायचात तुम्ही!"

अण्णा म्हणाले, "ती आपली आहे गं. घरच्या माणसाला चार कामं सांगता येतात. हिच्या गावात मी पाहुणा."

माझ्या घरात माझे वडील पाहुणे, हे ऐकून फार वाईट वाटलं. माझ्या समाधानासाठी त्या दिवसापासून ते कुकरला नर्मदा घेऊ लागले, तीही आधी नमस्कार करून. वरण मऊ शिजू लागलं. पण वाईला जायचा हेका त्यांनी सोडला नाही. तेव्हा मला कळलं की दुखणं डाळीचं नव्हतंच.

मे महिन्यात बोर आटली. मोटर नुसती हवा ओढायला लागली आणि घरात एकच पाणी उरलं. आता संडासालाही नर्मदा. अण्णा दोन दिवस तोंड बारीक करून वावरले, अंघोळीला जाताना काहीतरी पुटपुटत. पण नळ थोडाच वेळ यायचा. मी शाळेत, सुधीर कारखान्यात, मग पाणी भरायचं कुणी? मिश्रा भाभींची हाक आली की मोटर लावणं, टाकीवर नजर ठेवणं, मागच्या अंगणातल्या नळावर पिंप भरून घेणं, सगळं अण्णांकडे आलं. हळूहळू तेच भाभींना भिंतीवरून सांगू लागले, "भाभी, आज प्रेशर नहीं है, थोडा थांबो!" भाभीही थांबायच्या. मी नळ सोडून भांडी विसळताना दिसले की मला ओरडा बसायचा.

गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडल्यावर सुधीरने विचारलं तर अण्णा म्हणाले, "काढा." तिकीट आलं, परतीचं नाही. देवापुढे बसले की मन तिकिटावर जायचं.

श्रावणात बोरला पुन्हा पाणी लागलं. हे सांगायला मी मागच्या अंगणात गेले. अण्णा नर्मदेच्या नळाखाली उकिडवे बसून चिखलाने माखलेल्या चपला घासत होते. टाचेखालचा चिखल काडीने उकरून, पाण्याखाली धरून, निवांतपणे.

"अण्णा, बोर सुरू झाली."

"बरं झालं," मान वर न करता ते म्हणाले आणि दुसरी चप्पल त्याच धारेखाली धरली.

मी आत आले आणि सुधीरला म्हटलं, अण्णांचं तिकीट रद्द कर. तो म्हणाला, आधी त्यांना विचार तरी. मी म्हटलं, आत्ताच विचारून आले.