हे खरे आहे काय?

सोलापूर जिल्ह्यात प्रश्नचिन्हाची एवढी मनोभावे सेवा केलेला दुसरा माणूस झाला नसेल, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवावरून सांगते. तेवढी वर्षं मी आमच्या घरमालकांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. अख्खी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे ते मला 'बाई' म्हणत आणि माझ्या व्याकरणावर बारीक लक्ष ठेवून असत. अप्पांची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या आरोग्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून गेली. काम एकच. विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की आमदारांनी मंत्र्यांना विचारलेले प्रश्न मुंबईहून पायरी पायरीनं उतरत अप्पांच्या टेबलावर येत, आणि अप्पांनी लिहिलेली उत्तरं त्याच पायऱ्या चढून मंत्र्यांच्या हातात जात. "सभागृहात उभे राहायचे मंत्री, पण वाक्य माझं असायचं, बाई," असं ते सांगत. सांगताना मान जरा ताठ होई आणि लगेच खाली जाई. ती खाली का जाते, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरीतली ही भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरात दुसरी भाषा शिरकाव करू शकत नसे. पानावर बसले की आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, "आमटीत मीठ कमी पडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ते केव्हापर्यंत उपलब्ध करून देण्यात येईल, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" काकूही चाळीस वर्षांच्या संसारात तरबेज झालेल्या. "अंशतः खरे आहे," त्या आतूनच सांगत. "मीठ तुमच्या उजव्या हाताला हाय. बाकी प्रश्न उद्भवत न्हाय." डॉक्टरांनी एकदा त्यांना विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? अप्पा म्हणाले, "सकाळच्या बाबतीत होय. संध्याकाळची बाब तपासून घ्यावी लागेल." लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला "येतो" असं त्यांनी कधी सांगितलं नाही. "विचाराधीन आहे," म्हणायचे, आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

निवृत्त झाल्यावर मात्र हा माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. आयुष्यभर उत्तरं लिहिली, आता प्रश्न लिहायला लागला. आमच्या भागातल्या एका आमदारांच्या कचेरीत बदलीचे, रस्त्याचे, दाखल्याचे अर्ज घेऊन माणसं ताटकळत, त्यांत अप्पा प्रश्नांचा कागद घेऊन बसत. पहिल्यांदा आमदार म्हणाले, "अप्पा, तुमचं काम काय ते सांगा की." अप्पा म्हणाले, "माझं काम न्हाय, साहेब. तुमचंच आणलंय." तेव्हापासून दर अधिवेशनाआधी त्यांचे आठ-दहा प्रश्न आमदारांच्या सहीनं मुंबईला, नाहीतर नागपूरला जाऊ लागले. अप्पा हातानं लिहीत, मी टाइप करून देत असे. प्रश्न कसा विचारायचा यावर त्यांचं शास्त्र होतं. "प्रश्नात भाषण घातलं की मंत्री सुटला. दोन गोष्टी एका वाक्यात विचारल्या की तो सोप्या गोष्टीचं उत्तर देऊन बसतो. उपाययोजना विचारू नये, तारीख विचारावी." मंत्र्यांना निसटायच्या वाटा त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं आखून दिलेल्या होत्या, तेव्हा त्या त्यांना ठाऊक नसतील तर कुणाला?

प्रश्नोत्तराच्या तासाला ते आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर बसत. मोबाइल शेंगाचटणीच्या डब्याला टेकवलेला. तो तास काकूंना शेंगा कुटायला बंदी असे. गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं की अप्पा सदरा काढून खुंटीला अडकवत आणि त्या दिवशी नीट जेवत नसत. "चारशे माणसांनी चारशे गावांतून माहिती गोळा केलेली असतीय, बाई. सगळी पाण्यात."

या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न दरवेळी पहिला असायचा. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या सीमेला लागून एक खेडं आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून पूर्ण होऊनही पाण्याअभावी बंद आहे, हे खरे आहे काय? पहिल्या अधिवेशनात तो प्रश्नांच्या सोडतीतच निघाला नाही. पुढच्या अधिवेशनात निघाला, पण यादीत इतका खाली की तास संपला. तिसऱ्यांदा तोच मजकूर टाइप करताना मी म्हटलं, "अप्पा, या एका गावानं तुमचं काय केलंय?"

त्यांनी आधीच्या दोन वेळचे कागद एकावर एक नीट ठेवले. मग म्हणाले, "गावानं न्हाय. मी गावाचं केलंय."

नोकरीत असताना हाच प्रश्न दुसऱ्या कुणा आमदारानं विचारला होता, आणि तो अप्पांच्याच टेबलावर आला होता. त्यांनी तिथल्या नर्सला, सिस्टरला, फोन केला. तिनं सांगितलं, फीत कापली त्याच दिवशी कुलूप लागलंय, नळच न्हाय तर बाळंतपण कसं करू? अप्पांनी तसंच लिहिलं. कचेरीतल्या साहेबांनी कागद परत पाठवला. उद्घाटन झालंय ना, मग कार्यरत आहे. "आणि मी लिवलं, बाई. हे खरे नाही. उपकेंद्र कार्यरत आहे. प्रश्न उद्भवत नाही. काना-मात्रेची चूक नव्हती." पुढं झालं असं, की सभागृहात चालू म्हणून सांगितलेला दवाखाना चालू करा असं लिहायला कुणी धजेना. पाण्यासाठी गावानं केलेला प्रत्येक अर्ज त्या एका वाक्याला अडून माघारी येऊ लागला.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती सिस्टर महिन्याचा अहवाल द्यायला कचेरीत आली. गावातली एक पहिलटकरीण जीपमधून तालुक्याला नेताना वाटेतच बाळंत झाली होती. "पोरगं एकदा रडलं म्हणे," अप्पा म्हणाले. "मग न्हाय. सिस्टर मला रागं भरायला आली नव्हती. उत्तर कुणी लिवलंय हे तिला कुठं माहीत? उन्हातनं आली होती, प्यायला पाणी मागितलं. मी दिलं."

मी टाइप करायचं थांबले होते. त्यांनीच कागदाकडे बोट केलं. "पुरं करा."

त्या अधिवेशनात प्रश्न चौथ्या क्रमांकावर लागला. मी कॉलेजातून रजा घेतली. काकूही पदराला हात पुसत येऊन बसल्या. छापील उत्तर होतं, 'अंशतः खरे आहे.' आमदार उपप्रश्नाला उभे राहिले आणि सुरू झाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या जिल्ह्यातल्या माता-भगिनी..." अप्पा मोबाइलवर ओरडले, "भाषण नको, साहेब! भाषण नको!" काय योगायोग, आमदारांनी त्याच वेळी हातातला कागद पाहिला आणि एकदम मुद्द्यावर आले. "एकच विचारायचं आहे. त्या इमारतीत आज पाण्याचा नळ आहे की नाही?" मंत्र्यांनी कागद चाळले. अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी आली. मंत्री म्हणाले, पाणीपुरवठ्याची कार्यवाही प्रगतिपथावर आहे. आमदार पुन्हा म्हणाले, "नळ आहे की नाही?" सभागृहात हशा पिकला, मग तोही विरला. अध्यक्षांनी उत्तर द्यायला सांगितलं.

"नाही," मंत्री म्हणाले. "लवकरात लवकर बसवण्यात येईल."

काकूंनी हात जोडले. मी अप्पांकडे वळले तर ते अजून पडद्याकडेच बघत होते. मागच्या बाकावरचे एक सदस्य उठले आणि म्हणाले, मग याच सभागृहात ते कार्यरत असल्याचं पूर्वी सांगितलं गेलं, ती दिशाभूल कुणी केली? मंत्री म्हणाले, चौकशी करण्यात येईल.

अप्पा उठले, कोरा कागद घेतला आणि टेबलाशी बसले. काकूंनी त्या कागदावर हात ठेवला. "आता काय लिवताय? तुमालाच धरतील की. म्हातारपणी कचेऱ्या चढणार का?"

"हा प्रश्न यावा म्हणूनच तर तो प्रश्न होता," अप्पा म्हणाले. "अक्षर माझं हाय. मी सांगितलं न्हाय तर एखाद्या आत्ताच्या पोराच्या गळ्यात पडंल."

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. मी बरोबर गेले. चौकशी करणारी अधिकारी तिशीतली मुलगी होती, अप्पांना खुर्ची देऊन मगच स्वतः बसली. त्यांचं पत्र दोनदा वाचून म्हणाली, "वरिष्ठांनी सांगितलं म्हणून लिहिलंत ना? तसं म्हणा, मी तसं नोंदवते."

"साहेब वारले," अप्पा म्हणाले. "त्यांना आता विचारता येत न्हाय. मला येतंय. मला खरं माहीत होतं आणि मी खोटं लिवलं, असं लिवा."

तिनं लिहिलं. मग पेन खाली ठेवून हळूच सांगितलं की इतकी वर्षं उलटल्यावर नियमानं काही करता येत नाही, तुम्ही घरी जा, आजोबा. शिक्षा नाही म्हटल्यावर माणूस सुखावतो. अप्पा खचले. कठडा धरून एकेक पायरी उतरले आणि खाली येऊन मला म्हणाले, "मग झालं काय, बाई?"

नळ यायला चार महिने लागले. ज्या दिवशी उपकेंद्र उघडलं त्या दिवशी सिस्टरचा फोन आला, आणि दोन दिवसांनी मी अप्पांना माझ्या गाडीतून तिकडे घेऊन गेले. सिस्टरचे केस पांढरे झाले होते. तिनं हौसेनं सगळं दाखवलं, टाकी, बाळंतपणाची खोली, पाळणा. अप्पांनी नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडून पाहिला. मग तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि त्या पहिलटकरणीचं घर विचारलं. शेवटी तिनं हातानं गल्ली दाखवली. "तिसरं घर. निळं दार."

दार उघडणारी बाई चाळिशीची असेल. अप्पा तिच्याशी कानडीत बोलू लागले. मला कानडी येत नाही, त्यामुळे मी उंबऱ्यापाशी बसून नुसते आवाज ऐकत होते. आधी अप्पांचा एकट्याचा आवाज, थांबत थांबत. मग तिचा, अगदी खालच्या पट्टीत. ती रडली नाही, अप्पाच रडले. जरा वेळानं ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ऊटा माडकोंड होग्री, म्हणाली. जेवून जावा."

आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही. अप्पांचा घास उतरत नव्हता, तरी तिनं त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. निघताना अप्पांनी तिला वाकून नमस्कार केला, ती गडबडून मागं सरली आणि मग तिनंही केला.

परतताना दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. अक्कलकोट मागं पडलं तरी अप्पा बोलले नाहीत. वळसंगच्या अलीकडे कुठंतरी म्हणाले, "पोराचं नाव काय ठेवणार होता म्हणून विचारलं मी. आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणे."

"सांगितलं तिनं?"

"सांगितलं."

ते काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. अप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ते नाव माहीत असलेलं माणूस आता एकच उरलं आहे, निळ्या दाराच्या घरात.