कंपाउंडरची बाजू

मामी खऱ्या माणसाला सहसा माफ करत नसत. कादंबरीतल्या माणसाला मात्र त्यांनी कधी शिक्षा होऊ दिली नाही. पुस्तकात कुणी चोरी करो, घर सोडून पळो, मित्राला दगा देवो, मामी पदर खोचून त्याच्या बाजूने उभ्या राहत. म्हणून आम्ही त्यांना मागे वकीलमामी म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

खऱ्या माणसांशी त्या कशा वागत, याचा नमुना म्हणजे कोपऱ्यावरची फुलवाली. चेन्नईजवळच्या आमच्या आवडी गावात गजरा हाताने मोजून मिळतो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. या बाईने एकदा मोजताना गजरा कोपराच्या जरा अलीकडेच धरला. मामींनी ते पाहिलं, काही न बोलता गजरा घेतला, देवाला वाहिला आणि पुन्हा तिच्याकडून कधी फूल घेतलं नाही. रोज सकाळी तिच्यासमोरून चालत त्या स्टेशनपलीकडच्या बाईकडे जात. ती बिचारी हाका मारायची, "अम्मा, दोन हात घ्या, एकाचेच पैसे द्या." मामींची मान वळत नसे. मामी मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या; उशिरा आलेल्या पोरींना त्यांनी फाटकाबाहेर किती उभं केलं असेल, कोण जाणे.

मी सांगलीची. संरक्षण खात्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि आवडीच्या क्वार्टर्समध्ये येऊन पडले. पहिल्याच गणपतीत मामी भेटल्या; नात्याने नव्हे, सगळेच त्यांना मामी म्हणत. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांची मराठी ऐकून मला जुनी पोथी तमिळ हेल काढून कुणी वाचतंय असं वाटलं. देवनागरी त्या हिंदीच्या परीक्षा देऊन शिकल्या होत्या, पण वाचताना दमत. म्हणून त्यांनी आम्हालाच कामाला लावलं. दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी आम्ही चार-पाच जण जमायचं, एकाने मराठी कादंबरी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. फिल्टर कॉफी आणि मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, मामींकडून. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेली वैशाली शहराच्या त्या टोकाहून अर्धा दिवस घालवून यायची. मला वाटतं, निम्मी मराठीसाठी आणि निम्मी मुरुक्कूसाठी.

ऐकताना मामी गप्प बसत नसत. "थांब. तेव्हां घरांत आणखी कोण होतें?" "थांब. पाऊस होता कां?" वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. जोशीकाका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा न्याय सोपा होता. तिसऱ्या प्रकरणात खलनायक ओळखायचा आणि त्याला फाशी सुनावून मुरुक्कूकडे वळायचं. एकदा ते वैतागून म्हणाले, "मामी, वाईट माणूस तो वाईट माणूस. त्यात एवढं काय चघळायचं?"

"मग पेपर वाचा," मामी म्हणाल्या. "पेपरांत अस्कं एका ओळींत असतें. कादंबरी कशाला वाचतां?" अस्कं म्हणजे सगळं. हा त्यांच्या मराठीतला शब्द हळूहळू आमच्याही तोंडी बसला.

मग ती कंपाउंडरची कादंबरी आली. फार थोर नव्हती. गावात साथ आलेली, दवाखान्यातलं औषध संपत आलेलं, आणि रांगेतल्या माणसांना रिकाम्या हाताने परत पाठवणं जिवावर आलं म्हणून कंपाउंडर औषधात पाणी घालतो. पुढे त्याला त्याची सवय लागते. साथ ओसरते, औषध येतं, तरी पाणी चालूच राहतं, आणि उरलेलं औषध मागच्या दाराने बाहेर जातं. एक लहान मूल दगावतं. आळ डॉक्टरवर येतो, आणि हा खाली मान घालून उभा राहतो, बोलत नाही.

जोशीकाकांनी फाशी सुनावली. या वेळी मीही त्यांच्याच बाजूची होते. मामी मात्र डोळे पुसत होत्या. "पावम्, किती भ्यायला असेल," त्या म्हणाल्या. तिकडे पावम् म्हणजे आपलं 'बिचारा'. "मामी, मूल गेलं!" वैशाली जवळजवळ ओरडलीच. मामी म्हणाल्या, "गेलें. तें मी विसरलें नाहीं. पण पहिल्या दिवशीं रांगेंतल्यांना परत पाठवणें त्याच्या जिवावर आलें, तें पण मी ऐकलें. आतां एक ऐकूं आणि दुसरें सोडूं, असें कसें?" पुस्तक संपेपर्यंत त्या कंपाउंडरसाठी प्रत्येक रविवारी रडल्या. मला त्या वेळी त्यांचा हेवाच वाटला होता, खरं सांगते.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे पुस्तक परत द्यायला गेले. आम्ही बोलत असताना त्यांचा मोबाइल वाजला. मामींनी नाव पाहिलं, फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उशीखाली ठेवला. "कोण आहे?" मी विचारलं. "माधू," त्या म्हणाल्या. मग एखादा नियम वाचून दाखवावा तसं त्यांनी सांगितलं.

माधव त्यांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. तंजावरच्या घरी आईजवळ राहिला. आईला शेवटी विसराळूपणाचा आजार जडला होता, एकटं सोडायची सोय नव्हती. एक दिवस तो घराला बाहेरून कुलूप लावून निघून गेला. आई पाणी घ्यायला उठली, पडली आणि गेली. दुपारी मामींनी चेन्नईहून फोन केला होता. माधव म्हणाला होता, आई झोपली आहे. तेव्हा तो घरी नव्हताच. आईच्या तेराव्यानंतर मामी त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याला वर्षं झाली होती. भावंडं दोघंच, मामींना मूलबाळ नाही, यजमान कधीच गेलेले.

माझी जीभ जरा लांबच आहे. मी म्हटलं, "मामी, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे आमच्याकडे. तुमच्या घरी ती उलटी दिसते. त्या कंपाउंडरसाठी महिनाभर रडलात. सख्ख्या भावाचा फोन मात्र उशीखाली."

मामी ताठ बसल्या. "कंपाउंडरनें माझ्या आईला मारलें नाहीं," त्या म्हणाल्या.

उशी सारखी करत त्याच पुढे म्हणाल्या, "आणि त्याचें अस्कं लेखकानें सांगितलें. माधूचें कोण सांगणार?"

"त्यालाच विचारा की," मी म्हटलं. मामींनी मला कॉफीही विचारली नाही. पुढचे काही रविवार वाचन बंद राहिलं, निरोप आला की मामींचे गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते. रोज सकाळी त्या स्टेशनपलीकडे फुलांना जाताना मला दिसत होत्या. मला वाईट वाटत होतं, पण बोलले ते चुकीचं बोलले असं काही केल्या वाटेना.

मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. "उद्यां माधू येतो. मी बोलावलें. तूं पण ये. मी मध्यें बोललें तर मला थांबव."

रात्रीच्या गाडीने चेन्नईला उतरून माधवमामा सकाळच्या लोकलने आले. वाळलेले, उंच, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. बहिणीच्या पाया पडले आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. "काय सांगूं अक्का," ते म्हणाले, "चुकलें."

"तें मला ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "निकाल सांगूं नको. त्या दिवशीं सकाळपासून सांग."

त्यांनी सांगितलं. आईला न्हाऊ घातलं. ती जेवेना, ताट सारलं. त्यांना ती ओळखत नव्हती, परका माणूस घरात शिरला म्हणून घाबरायची. फक्त एक गोष्ट तिला आठवायची. "दिवसभर विचारायची, अक्का कधीं येणार? मी सांगायचों, उद्यां. थोड्या वेळानें पुन्हां तेंच. त्या दिवशीं सकाळपासून तेंच चाललें होतें. औषध आणूं म्हणून मी बाहेर पडलों, कुलूप लावलें. स्टँडपाशीं समुद्राकडे जाणारी वेदारण्याची बस उभी होती. बसलों."

"तिकडे काहीं काम नव्हतें," ते म्हणाले. "शेवटपर्यंत गेलों. उतरलों, कॉफी प्यालों. कुणी मला काहीं विचारत नव्हतें, तें बरें वाटलें. तेवढ्यांत तुझा फोन आला. मी म्हटलें, झोपली आहे. खरें बोललों असतों तर तूं शेजारीं फोन केला असतास, कुणी कुलूप तोडलें असतें. हें मला तेव्हां पण कळत होतें, अक्का. तरी बोललों."

मी मामींकडे पाहिलं. कादंबरी ऐकताना दर पानाला थांब म्हणणारी ही बाई ओठ घट्ट मिटून बसली होती. तो खोटं का बोलला, हेही त्यांनी विचारलं नाही. माधवमामांनी आपणहूनच सांगितलं, "तूं रागावली असतीस."

मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या तांदळाचा डबा उघडून नुसत्याच उभ्या होत्या. "मी वर्षांत दोनदां जायचें," त्या म्हणाल्या. "मे महिना आणि दिवाळी. शाळा होती न." मग त्यांनी तांदूळ काढले. "ह्याची बाजू मला घेतां येत नाहीं. सोडतां पण येत नाहीं. भात लावूं," त्या म्हणाल्या आणि भात लावला. दोघं भावंडं समोरासमोर बसून रसमभात जेवली. आईचा विषय पुन्हा निघाला नाही. चारच्या लोकलने माधवमामा गेले.

त्यानंतर वाचन पुन्हा सुरू झालं, फोनही उचलले जाऊ लागले. पण मामी बदलल्या वगैरे म्हणायला मी तयार नाही. फुलवालीकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही, आणि जोशीकाकांशी भांडणं तशीच चालू राहिली.

वर्ष-सव्वा वर्षाने माधवमामांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मामींनी आठवड्याच्या आत आवडीतलं घर भाड्याने दिलं आणि तंजावरला जायला सामान बांधलं. जोशीकाकांना हे पटलं नाही. "या वयात दुसऱ्याचं दुखणं काढणार? एखादी बाई ठेवा," ते म्हणत राहिले. मामींनी पुस्तकं मला दिली, मुरुक्कूचा सोऱ्या वैशालीला दिला. एग्मोर स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून विचारायचं धाडस केलं, "माफ केलंत मामी त्यांना?"

"नाहीं," त्या लगेच म्हणाल्या. मग पिशवीत पाण्याची बाटली नीट ठेवत म्हणाल्या, "पण त्याला जेवूं कोण घालणार?"

त्या गेल्यावर आमचं वाचन महिनाभरात मोडलं. वाचायला माणसं होती, थांबवायला कुणी नव्हतं. मला मामींची फार आठवण येते. हल्ली पेपरात एखादी बातमी वाचून माझं तोंड सुटायला लागलं की मीच स्वतःला विचारते, घरात आणखी कोण होतं? पाऊस होता का? नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय.

मागच्या पंधरवड्यात मामींचा फोन आला. आवाज थकलेला होता. माधवमामांना आता नीट बोलता येत नाही, कुशीवर वळवावं लागतं. रात्रंदिवस ते एकच हाक मारतात, अक्का, अक्का. जवळ बसलं तरी मारतात.

"आज मी घराला कुलूप लावलें," मामी म्हणाल्या. "भाजी आणायला म्हणून. स्टँडपर्यंत गेलें. बस उभी होती."

मी विचारलं, "मग?"

"एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, अम्मा, लवकर चढा. किती वेळ उभी राहिलें मला ठाऊक नाहीं. मग घरीं आलें." मग त्यांनीच सांगितलं, "माधूला मी अस्कं सांगितलें. पायरीवर पाय ठेवला तें पण."

"काय म्हणाले ते?"

"त्याला बोलायला वेळ लागतो न. बऱ्याच वेळानें म्हणाला, अक्का, उद्यां जा. बसून ये. किल्ली शेजारीं देऊन जा."