कडेची पोरगी

"ही कडेची पोरगी नको," अण्णासाहेब म्हणाले.

माझ्या हातात ओली प्रिंट होती. सत्तरच्या दशकात सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. आष्ट्यात आक्कांनी काढलेल्या मुलींच्या वसतिगृहाचा ग्रुप फोटो मी आदल्या दिवशी घेतला होता. आक्का विधवा. सगळ्या जातींच्या पोरी एका पंगतीत बसवायच्या, म्हणून निम्मं गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. अण्णासाहेब देणगीदार, मोठे ऊसवाले. कडेची पोरगी म्हणजे सुमन. बौद्धवाड्यातून आलेली पहिली.

"तिला खेटून आमची नात उभी हाय. फोटो पाव्हण्यांच्यात जाणार. कळतंय न्हवं?"

कळलं. आमच्यात याला क्रॉपिंग म्हणतात. प्रिंट काढताना कडेचा भाग चौकटीबाहेर ठेवायचा. दोन मिनिटांचं काम. अण्णासाहेबांच्या घरात दोन लग्नं होती. मी केलं.

फ्रेम कागदात बांधून दिली. आक्का ती तशीच घेऊन बौद्धवाड्यात गेल्या. आणखी पोरी पाठवा, इथं दुजाभाव नाही, हे आयांना दाखवायला. कागद सुटला. सुमनच्या बापानं फोटो दोनदा पाहिला आणि पोरगी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी आक्का स्टुडिओत.

"सुमन कुठं गेली रं?"

"कडेला फॉग आला, आक्का. फिल्ममध्ये उजेड शिरला."

"बरोब्बर तिच्यावरच शिरला व्हय?"

मी कॅमेरा पुसत राहिलो.

"उद्या ये. परत काढू."

गेलो. पोरी आक्कांनीच उभ्या केल्या. मधोमध, स्वतःच्या शेजारी, एक जागा मोकळी सोडली.

"आक्का, मधे गॅप दिसतोय. जरा सरका."

"ऱ्हाऊ दे. मधलं कापता येतं का तुला?"

"नाही."

"मग दाब बटण."

तो फोटो घेऊन त्या सुमनच्या घरी गेल्या. तिथं काय बोलल्या, मला माहीत नाही. सुमन परत आली. अण्णासाहेबांनी नात काढून नेली आणि दोन्ही लग्नं दुसऱ्या स्टुडिओला दिली.

पुढं सुमन डी.एड.च्या फॉर्मसाठी फोटो काढायला माझ्याकडेच आली. "हनुवटी वर," एवढंच मी तिच्याशी बोललो.

पहिली निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. सुमन त्यात स्वच्छ आली आहे. फॉग कुठंही नाही.

नव्या फोटोग्राफरांना एकच सांगणं: ग्रुप काढताना देणगीदार कडेला उभे करा.