बाणाविना सोडलेली दोरी

पत्नीचे कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेले, धनुष्य मी बिघडवले, हे मी वर्षभर लपवले. लॉकडाऊनमध्ये ती कामावर असताना मी बाण न लावताच दोरी ताणून सोडली. बाण नसल्याने सारा धक्का धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला बसला. बारीक चीर दिसली, तरी मी ते तसेच जागेवर ठेवून दिले.

पुढे कासलबार गावाजवळच्या रानात, शिकारीच्या खेळात, फोमच्या खोट्या हरणावर ती नेम धरत असताना तेच पाते मोडले. "वस्तू जपून वापरायला शिक जरा!" असे वैतागून मीच तिला सुनावले. दुरुस्तीनंतर, ते पुन्हा मोडेल या धास्तीने तिचा नेम चुके आणि मी पुन्हा चिडत असे.

अखेर ती म्हणाली, "अहो, विकून टाका ते. माझ्या हातात काही टिकत नाही."

"तुझं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "त्याला चीर आधी माझ्याच हातून पडली होती. मला माफ कर."