काठोकाठ तेल आणि निर्मलची फेरी

आम्ही निर्मलला गेलो ते तिथली लाकडी खेळणी पाहायला नव्हे. तामसीकडच्या आमच्या गावातील बाबांच्या पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजीन फुटले होते, आणि ते कोणाच्या चुकीने फुटले हे निर्मलच्या कारखान्यात ठरायचे होते. तिथल्याच मिस्त्रींनी आमच्याकडे येऊन ते उघडले, पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या, चालवून दाखवले आणि ते परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करून आम्ही इंजीन सुरू केले, आणि घटकाभरात ते सुटले. वेग वाढतच गेला. इंजीनवाल्या लिंगन्नाने डिझेलची तोटी बंद केली, तरी ते अधिकच पळू लागले. निळसर धुराने छप्पर दिसेनासे झाले. अखेर लिंगन्नाने हवा ओढणाऱ्या तोंडावर ओले पोते दाबून धरले. इंजीन गुदमरून थांबले खरे, पण थांबता थांबता आतला दांडा मोडून बिडाचे कवच फोडून बाहेर आला, आणि लिंगन्नाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

दोष कारखान्याचा ठरला, तर इंजीन त्यांनी दुरुस्त करून द्यायचे आणि लिंगन्नाच्या औषधपाण्याचेही पाहायचे. इंजीनवाल्याचा ठरला, तर वीस वर्षांची त्याची जागा जाणार होती. बाबांनी हे त्याला आधीच सांगितले होते. मला बरोबर घेतले ते एवढ्यासाठी, की इंजीनबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते आणि घरात ते वाचू शकणारी मी एकटी.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल, त्यांनी आदिलाबादहून सुटणारी सकाळची मोटार धरावी. आम्ही तिथवर बैलगाडीने गेलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटार कोळशाच्या वायूवर चालते. मागे लोखंडी भट्टी असते, तिच्याजवळ बसू नये. तिकिटाला निजामाचा हाली शिक्काच द्यावा, इंग्रजी रुपयावर वाद होतो. बायकांची बाके ड्रायव्हरच्या मागे असतात. सोबत भाकरी आणि अंबाडीची भाजी असावी. इच्चोड्याला चहा चांगला मिळतो, खायला मात्र फारसे काही नाही.

इच्चोड्यापर्यंत दोन्ही बाजूंना कापसाची रानेच होती. लिंगन्ना मागे, भट्टीजवळ, बांधलेला हात छातीशी धरून बसला होता. त्याच्या पायांशी पोत्यात पुराव्याचे सामान होते: हवा गाळण्याची चाळणी, तिच्या तळाचे पितळी भांडे आणि वाकडी नळी. हवेतली धूळ त्या भांड्यातल्या तेलात बसते, एवढे मला ठाऊक होते.

इच्चोड्याला भट्टीत कोळसा भरेपर्यंत मोटार थांबली, तेव्हा मी पुस्तक उघडले. चौथ्या प्रकरणात ते वाक्य सापडले: भांड्यात तेल आतल्या रेषेपर्यंतच असावे; अधिक झाल्यास इंजीन ते हवेबरोबर ओढून घेते, तेच जाळते, आणि मग इंधन बंद करूनही थांबत नाही.

मी ते तीनदा वाचले. पूजेच्या दिवशी त्या भांड्यात तेल ओतणारी मीच होते. बाबांनी भांडे माझ्यासमोर धरले होते. "लेकीच्या हातानं होऊ दे. काठोकाठ भर, पूजेचं भांडं रितं ठेवू नये." आत आधीच तेल होते, रेष कुठेच दिसत नव्हती. हळदकुंकू लावून मी काठापर्यंत ओतले होते.

पुढे सागाचे दाट रान लागले, घाट उतरला. ओळखीच्या बायका ज्याची वर्णने करतात ते सारे तिथे असावे. मला फक्त पुस्तकाचे पान दिसत होते.

निर्मलचा कारखाना खेळणीवाल्यांच्या गल्लीपलीकडे, चिंचेच्या झाडाखाली आहे. मालक आत गादीवर होते. मिस्त्री, पांढऱ्या दाढीचे, बाहेर पत्र्याच्या डब्यावर बसून पिस्टन घासत होते. बाबांनी बसण्याआधीच सुरुवात केली.

"तुमी इंजीन बिघडवून देल्लं. वेग आवरणारा गव्हर्नर अडकला अन् माणसाचा हात गेला."

मिस्त्रींनी लिंगन्नाकडे पाहिले. "डीझल बंद करे सो?"

"केलं," लिंगन्ना म्हणाला. "बंद केलं तं जास्तच पळालं."

"तो गव्हर्नर का क्या कसूर? उसके पास देने को डीझलच नै था." मिस्त्री स्वतःशीच मान हलवत राहिले. "नीचे का, इंजन के पेट का तेल घटा क्या?"

"नाई. जेवढं होतं तेवढंच."

"रिंगां भी नै, फिर. वो नीचे का तेल नै पिया." त्यांनी पोत्यातून वाकडी नळी काढली, आत बोट घातले आणि ते उन्हात धरले. बोट तेलाने चिंब होते. "उप्पर से पिया. किताब लाए ना? पढो बेटी, इसका क्या लिखा है."

परीक्षेत वाचतात तसे मी वाचले. इंग्रजी वाक्य, मग त्याचा मराठी अर्थ. आत मालकांनी लेखणी उचलली.

"मैं लकीर तक भर के आया था," मिस्त्री म्हणाले.

"भरलं होतं तं सांगितलं काऊन नाई?" बाबा उसळले. "आमाले काय मालूम?"

बोलून झाल्यावर बाबांना कळले. मिस्त्री हसले नाहीत. "मतलब, तुम लोग फिर से डाले. हौ, बोलना था मेरे को. वो गलती मेरी. पन डाला कौन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी पुस्तक मिटून पदराखाली धरले होते. माझ्या तोंडात ते एक अक्षर होते, "मी". घाट उतरताना मी ते कितीदा म्हणून पाहिले होते.

"इंजीनचं सारं लिंगन्नाच पाहते," बाबा म्हणाले.

हे खोटे नव्हते. लिंगन्नाने डाव्या हाताने वाकडी नळी पुन्हा पोत्यात ठेवली.

मालकांनी उर्दूत कागद लिहिला आणि वाचून दाखवला: कारखान्याचा कसूर नाही, इंजीनवाल्याने तेल ज्यादा भरले. उजवा हात बांधलेला, म्हणून लिंगन्नाने डाव्या हाताचा अंगठा दिला. शाई पुसायला चिंधी देताना मिस्त्री त्याला तेलुगूत काहीतरी बोलले.

रात्री धर्मशाळेत राहिलो. जागा स्वच्छ आहे, पाणी विहिरीचे. सकाळी मोटार सुटायच्या आधी लिंगन्ना मला खेळणीवाल्यांच्या गल्लीत घेऊन गेला. नातीसाठी एखादे खेळणे निवड म्हणाला. हलक्या लाकडाचे सीताफळ मी निवडले, इतके खरे, की वास येईल असे वाटावे. "बिड्डा, तुझी नजर चांगली हाय," तो म्हणाला. बिड्डा म्हणजे लेकरू.

परतीला मोटार घाट चढेना. उतारूंना उतरून चालावे लागते, तेव्हा चपला नव्या घालू नयेत. लिंगन्ना बराच मागे राहिला. पहिल्या वळणावर मी म्हणाले, "बाबा, तेल मी ओतलं होतं."

"मी सांगितलं म्हून ओतलं."

"मंग तिथं काऊन नाई सांगितलं?"

ते थांबले. धापेने की कशाने, कळले नाही. "तू काऊन नाई सांगितलं?"

उरलेला घाट मी पुढे होऊन चढले. वर मोटार आमची वाट पाहत उभी होती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ओढ्यापलीकडे लिंगन्नाच्या घरी गेले. दारात त्याची नात सीताफळ गडगडवत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. तो डाव्या हाताने भाकरी मोडण्याच्या खटपटीत होता.

"तेलुसु, बिड्डा," तो म्हणाला. ठाऊक आहे. "चालू कराच्या आंधी पाह्यलं मी. पार काठापोत होतं. जास्त हाय, समजलं मले."

"मंग काढून काऊन नाई टाकलं?"

इतकी शिकलेली मुलगी असे कसे विचारते, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. "पूजेचं तेल होतं. तू कुक्कू लावून ओतलं. ते कसं फेकू?"

मी म्हणाले, मी बाबांना घेऊन निर्मलला जाते, कागद बदलायला लावते. तो म्हणाला, "अंगठा लागला आता," आणि भाकरी पुढे केली. मी ती मोडून दिली.

गिरणी बंद आहे. गावात पुन्हा जाती फिरू लागली आहेत. पितळी भांडे मी राखेने घासून फडताळात ठेवले. रिकामे असल्याने आतली रेष आता स्पष्ट दिसते. मोटार-स्टँडापर्यंत मी दोनदा एकटी गेले, आणि बायकांच्या बाकावर न बसताच परतले.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी निर्मलला जाणार असेल, तर खेळणीवाल्यांच्या गल्लीपलीकडे चिंचेचे झाड विचारावे. पांढऱ्या दाढीचे मिस्त्री बाहेरच बसलेले असतात. त्यांनी विचारले होते, तेल कोणी ओतले. त्यांना सांगावे, पुस्तक वाचणाऱ्या मुलीने.