कढईची तडतड

माझी थोरली जाऊ कढईतलं तेल बघत नाही, ऐकते. खोबरेल तेलात जास्वंदीची पानं आणि कोरफडीचा गर घालून मंद आचेवर ठेवलं की त्यातलं पाणी तडतडायला लागतं. तडतड पूर्ण थांबली की पाणी आटलं, मग कढई उतरवायची. तोवर ती डोळे मिटून शेजारी उभी. कुणी झारा घालायला गेलं तर म्हणायची, तेलाला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. तीस वर्षं शाळेत शिपाई होती, तासातासाला घंटा बडवली, त्यामुळे हुकूम सोडायची सवयच लागलेली. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायका तिचंच तेल लावतात.

माझं तिचं फारसं जमत नाही, हे आधीच सांगते. मी शिवणकाम करते, मापात बोलते. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की झाला. हल्ली तर आवाज इतका चढलेला असतो, की मला वाटायचं, बाई मुद्दाम मलाच ऐकवतेय.

पण मोठ्या तापानंतर माझ्या लेकीचे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा मी तिच्याच दारात गेले. पोरगी कॉलेजला जाईना, घरातसुद्धा रुमाल बांधून बसे. जावेनं बाटली दिली आणि रोज संध्याकाळी स्वतः येऊन तिच्या डोक्याला चोळून द्यायला लागली. तीन महिन्यांनी टाळूवर बारीक लव दिसली. मी मशीनवर डोकं टेकून रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तापात गेलेले केस बहुतेक आपणहून येतात. असेलही. आम्ही श्रेय तेलालाच दिलं.

मग नवी बाटली आली, आणि आठ दिवसांत पोरीचं डोकं लाल पुळ्यांनी भरलं. डॉक्टरीणबाईंनी तेल ताबडतोब बंद करायला सांगितलं. पुळ्या खोल गेल्या तर तिथले केस येतीलच असं नाही, म्हणाल्या. पोरीनं पुन्हा रुमाल बांधला. मी बाटली उजेडात धरली, तर तळाशी पाणी साचलेलं आणि बुचाला आंबूस वास.

तशीच तणतणत निघाले. काय काय सुनवायचं ते वाटेत जुळवून ठेवलं. तिच्या स्वयंपाकघरात नवी कढई चढलेली, आणि ती डोळे मिटून उभी. मी दारातून हाक मारली, तिनं मान वळवली नाही. माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. बरी आलीस म्हणाली, तडतड थांबली, जरा कढई धरू लाग. आणि तिनं गॅस बंद केला.

कढई तडतडत होती. मला दारातून ऐकू आली होती.

मी म्हटलं, “ताई, अजून वाजतंय.”

तिला कळलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं. तिनं कान इतका खाली नेला, की भाजेल म्हणून मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या बाटलीकडे गेली.

“पोरीच्या डोक्याला मी हेच चोळलं?”

नाही म्हणून टाकावं असं फार वाटलं, पण खोटं बोलवेना. मी होकारार्थी मान हलवली.

ती स्टुलावर बसली. “मला वाटायचं, हल्लीच्या कोरफडीत पाणीच कमी, म्हणून तडतड लवकर थांबते,” म्हणाली. बराच वेळ पदरानं हात पुसत राहिली. मला तिचा राग आलेला होता तो होताच, आणि तिच्यासाठी जीवही कासावीस झाला.

मग ती उठली, पिशवी घेतली. पोरीच्या बाटलीच्याच घाण्यातल्या बाटल्या आणखी नऊ घरांत गेल्या होत्या. सगळ्या आजच परत आणायच्या, आणि का ते आपण स्वतः सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं. दारात चपला घालताना थांबली.

“तू चल बरोबर,” ती म्हणाली. “बायका हळू आवाजात काय बोलतात, ते मला कळायला हवं.”